मी झोपलो होतो असं लिही

आयर्लंडमधल्या एका गाणाऱ्या बाईच्या रेकॉर्डवर, सातव्या गाण्यात, माझा आवाज आहे आणि आमच्या घराबाहेर हे कुणालाही पटत नाही.

मी चौथी पास. (तीही पहिल्या झटक्यात. आमच्या वर्गात असे तिघंच होते.) कराडजवळ गावात चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. गिरणी चालू असताना "हा डबा कुणाचा?" एवढं विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. पुढे गिरणी विकली, आवाज कुणी घेतला नाही. पोरगा सुनील इथे डॉक्टर. त्याने आम्हा दोघांना डब्लिनला, ब्युमॉन्टात आपल्या घरी आणलं. पहिल्याच आठवड्यात शेजारचा डोनल कुंपणापाशी येऊन सुनीलला हळूच विचारून गेला, घरात सगळं ठीक आहे ना? मी फोनवर धाकट्या भावाला पाऊस कसा आहे ते विचारत होतो!

मला बसवत नाही. आणि ह्या देशात बसण्याशिवाय काम नाही. म्हणून मी दिवसभर जिना चढायचो, उतरायचो, खिडकीशी जायचो, पाऊस थांबलाय का बघायचो, थांबला म्हणून बूट घालायचो, तोवर तो परत लागायचा. बायको म्हणायची, पट्टा तुटलेल्या गिरणीगत नुसते फिरताय.

एक सई होती म्हणून दिवस जायचा. सई माझी नात, वय सोळा. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. मला आबा म्हणते. शाळेतून आली की आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा प्यायचो आणि ती मला हा देश समजावून सांगायची. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि माणूस मरायला टेकला तरी "ग्रँड" म्हणतो, हे मला तिनेच शिकवलं.

ही सई ओर्ला नावाच्या एका गायिकेसाठी वेडी. गाण्याचा प्रकार सोल. सोल म्हणजे आत्मा, असं सईने सांगितलं. ओर्लाच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप होता आणि त्यात सईच्या शब्दाला मोठा मान होता. रविवारी दुपारी ओर्लाचा कार्यक्रम होता. सुनील सईला नेणार होता, पण त्याची ड्यूटी बदलली आणि ते तिकीट माझ्या गळ्यात पडलं.

सईने बसमध्ये मला समोर बसवून ताकीद दिली. आजचं गाणं जसंच्या तसं रेकॉर्ड होणार आहे. हळू गाणं लागलं की आवाज नाही. खोकलासुद्धा नाही. "प्रॉमिस, आबा?"

मी गिरणीच्या दगडाची शपथ घेतली.

तासभर मी शपथ पाळली. पाय हलत होते, टोपी चारदा काढून चारदा घातली, शेजारच्या बाईने मला गोळी दिली ती कागदाच्या आवाजाच्या भीतीने कागदासकट तोंडात टाकली. आणि मग ते हळू गाणं लागलं. वाजवणारे थांबले. बाई एकटी, डोळे मिटून. सूर वर नेला, तिथे ठेवला आणि सावकाश खाली आणला. मला शब्द एक कळत नव्हता. पण माझी आई पहाटे जात्यावर असंच गायची, दगडाच्या घरघरीवर सूर टेकवून. (ते जातं मीच बंद पाडलं, गिरणी टाकून.) अंगावर काटा आला.

आणि सभागृहात कुणी हूं की चूं नाही!

आमच्याकडे भजनाला बसलं आणि गाणाऱ्याने जागा घेतली, तर ऐकणाऱ्याने दाद द्यायची. नाही दिली तर तो गाणाऱ्याचा अपमान. इथे हजारभर माणसं, आणि ती बाई बिचारी एकटी झिजतेय. पहिली जागा मी गिळली. दुसरी गिळली. तिसरी तिने अशी घेतली, की माझ्या तोंडातून आपोआप सुटलं,

"आऽहाऽहाऽहा! वाऽऽऽ!"

गिरणीतला आवाज. दोन रांगा पुढचा एक गृहस्थ जागेवर उडाला. बाईने डोळे उघडले, बघितलं, हसली आणि तीच ओळ पुन्हा गायली. मी विजयाने सईकडे वळलो, तर खुर्चीत सई नव्हती. ती खुर्चीखाली होती.

येताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "दे'ल कट इट." तेवढं कापून टाकतील.

त्यांनी कापलं नाही. काही महिन्यांनी रेकॉर्ड आलं. सईने कोट न काढताच स्वयंपाकघरात येऊन सातवं गाणं लावलं. आवाज असा निघाला, की प्रेसमधल्या बशा वाजल्या.

"हा मी नाही," मी म्हणालो.

"आबा."

"मी नाही. ह्याचा घसा बसलाय. माझा घसा असा नाही."

बायको पोळी लाटत होती. तिने मान वर केली नाही. "अहो, ह्या आवाजाने माझी झोपलेली लेकरं उठायची," ती म्हणाली. "मला सांगताय?"

पण एकदा नाही म्हटलं की म्हटलं. तिकडे ग्रुपवर आग लागली होती. निम्मे म्हणत होते, रेकॉर्डमधलं सगळ्यात सुंदर गाणं ह्या रेड्याने नासवलं. आणि सई तिथे हजर होती हे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा सगळे तिलाच विचारत होते, हा माणूस कोण? तुझ्याबरोबर एक म्हातारा होता ना?

मी म्हणालो, "लिही. माझे आजोबा त्या वेळी झोपले होते."

"आबा, दॅट्स अ लाय."

"मी झोपलो होतो असं लिही."

तिने लिहिलं. लिहून फोन टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाली, की तुमच्यासाठी मी माझ्या माणसांशी खोटं बोलले. 'तो मी होतो' एवढं नुसतं मला म्हणाला असतात, तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती चहा वरच्या खोलीत नेऊ लागली.

तीन आठवडे! मी जिना चढायचो, तिच्या दारापर्यंत जायचो, उतरायचो. बायको खालून म्हणायची, दार ठोका की, नाहीतर जिना तरी सोडा. दार ठोकायचं म्हणजे मान खाली घालायची, आणि ती घालायची सवय मला नाही.

तेवढ्यात वारं फिरलं. ग्रुपवरचे उरलेले निम्मे म्हणू लागले, की ह्या रेकॉर्डमध्ये जिवंत असं काही असेल तर तो आवाज. पोरं तेवढाच तुकडा फोनवर वाजवत हिंडायला लागली. खुद्द ओर्लाबाई रेडिओवर बोलली, म्हणे त्या माणसामुळे मी ती ओळ पुन्हा गायले, पुढच्या कार्यक्रमाला त्याने पहिल्या रांगेत येऊन बसावं. हे मला सुनीलने जेवताना सांगितलं. माझा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी डोनल कुंपणापाशी आला. मोडक्या इंग्रजीत माझं आणि त्याचं चालायचं. म्हणाला, तो आवाज ऐकलात का रेकॉर्डमधला? तो मीच!

हा डोनल त्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा गवत कापत होता आणि परतलो तेव्हाही, मी बघितलेलं. पबमध्ये सगळ्यांना सांगून बसला होता, आणि पहिल्या रांगेचं तिकीटही घेऊन आला होता.

मी जिना एका दमात चढलो आणि सईचं दार ठोकलं. "तो मी होतो," म्हणालो.

"आय नो, आबा."

"तुला खोटं लिहायला लावलं, ते चुकलं माझं."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. (खालून बायको म्हणाली, पुन्हा एकदा म्हणा, नीट ऐकू आलं नाही.)

सईने ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. कुणी विश्वास ठेवेना. परवा झोपले होते, आज जागे कसे झाले? पुरावा द्या. सईने फोन समोर धरला आणि मी स्वयंपाकघरात ओरडायला उभा राहिलो. आवाज निघेना! दहा वेळा प्रयत्न केला. एकदा शेळी निघाली, एकदा ठसका. गाण्याशिवाय दाद येते कुठून?

शेवटी सईने फोन टेबलाला टेकवून ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून ती ओळ स्वतःच गायली. हळू, लाजत. सूर वर नेला, ठेवला आणि खाली आणला. पोर गाते हे मला माहीतच नव्हतं.

"आऽहाऽहाऽहा! वाऽऽऽ!"

भिंतीपलीकडे डोनलचा कुत्रा भुंकला. सई हसत सुटली आणि त्या दिवशी चहा खाली झाला.

ग्रुपने तो पुरावा ऐकला आणि निकाल दिला. प्रयत्न बरा आहे, पण मूळ माणसाच्या आवाजात जो जोर आहे तो ह्या आजोबांकडे नाही.

मग मी हट्टालाच पेटलो. पुढच्या कार्यक्रमाला सईने पंधराव्या रांगेतली दोन तिकिटं काढली. ती म्हणाली, "ह्या वेळी ओरडा, आबा. मी खुर्चीतच बसेन." मी आठवडाभर घसा जपला, काढे प्यालो, आदल्या रात्री उत्साहाने डोळ्याला डोळा लागला नाही. कार्यक्रमात बसलो, टोपी नीट केली, हळू गाणं लागलं. बाईने सूर वर नेला, ठेवला.

पुढचं मला सईने सांगितलं. पहिल्या रांगेतून डोनल ओरडला, तेही चुकीच्या जागी, आणि मी तोंड उघडं टाकून तिच्या खांद्यावर झोपलो होतो.

आता ग्रुपवर नवीन वाद चालू आहे. कुणीतरी तो कार्यक्रम फोनवर टिपलाय, आणि त्या गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे गिरणी चालल्यासारखी एक घरघर आहे. सगळे सईला विचारताहेत, हा कोण?

मी म्हटलं, "लिही, डोनल."