शिंगी पुढं गेलीच न्हाई

थांबा, जेवण नंतर, आधी हे सांगतो. मोबाईलवर घाईत लिहून राहिलो, चुका झाल्या तर समजून घ्या.

आमी धनगर. मेंढरं घेऊन फिरतो, बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर. त्या घोडीची पोर, आमची शिंगी, मी वाढवली. आता अडीच वर्षाची झाली. एकटी सोडली की अशी सुटते, कुत्रीबी मागं पडतात! म्हणून मी आबाचं डोकं खाऊन राहिलो होतो, हिला शर्यतीत उतरवू. शेवटी आबा म्हणले, "घोड्याचा पारखी व्हय म्हणला तर शर्यत. न्हाई म्हणला तर यंदापासून हिच्यावरबी वझं."

आज पारखी आले, कळमनुरीकडून, टेम्पोत सोताचा म्हातारा घोडा टाकून. शिंगीचे दात बघितले, खुर उचलले, छातीवर थाप मारली. "पाय लई भारी, पोरा!" मी तर हवेतच!

मग सिद्धेश्वर धरणाचं पाणी उतरलंय तिथल्या मोकळ्या जागी दोघं निघालो. ते म्हाताऱ्या घोड्यावर, मी शिंगीवर. ती सुटली... आन त्या म्हाताऱ्याच्या शेपटीमागं जाऊन चिकटली. मी वरडलो, टाचा मारल्या. काई न्हाई! त्यांनी घोडा जोरात काढला, हीबी जोरात. त्यांनी हळू केला, हीबी हळू. ते थांबले, तर ही थांबली! एवढा वेग असून पुढं जाईना?

पारखी खाली उतरले. "काहून हो, पुढं गेली की मारता का हिला?"

"मारायचं काय काम?" आबा छाती फुगवून म्हणले. "शिकवलंय, कळपाच्या मागंच चालायचं! बिऱ्हाडाचं जनावर मेंढरात घुसलं तर कळप फुटतो. शिंगरू होती तवापासून एकदाबी मेंढरं ओलांडली न्हाईत तिनं."

पारखी हसतच सुटले. "मग झालं! पाय शर्यतीचे आन डोकं मेंढराचं."

आमच्यात ज्याला चांगलं वळण म्हणतात, तेच आडवं आलं!

मग ते म्हणले, "वरिसभर माझ्याकडं ठेवा. मेंढरू दिसलं न्हाई पाहिजे, तुमीबी न्हाई. वळण मोडतो, पळवून दाखवतो."

आबा माझ्याकडं वळले. "पोरगी तुझी हाय. बोल."

आन मी म्हणलो, "न्हाई."

मी! आबा तर उडालेच. "आरं येड्या, इतके दिस जीव खाल्ला माझा, आन आता न्हाई? काहून?"

काहून ते मलाच नीट ठाऊक न्हाई; मेंढरं इसरलेली, मला इसरलेली शिंगी डोळ्यापुढं आली, एवढंच. पारखी टेम्पो घेऊन गेले. माय तिकडं शिंगीच्या पाठीवर टाकायला गोधडी शिवून राहिली, उद्या वझं चढणार. मी हितं बसून मोबाईलवर बोटं बडवून राहिलो.

तुमचं झालं का असं कधी? पायजे होतं ते कुणी हातात देऊन राहिलं, आन तोंडातून न्हाईच निघालं? सांगा ना.