बादलीचं माप

मुलाच्या नावानं खोकं आलं तेव्हा दारात मीच होतो. हातात घेऊन हलवून पाहिलं. आत डब्यासारखं काहीतरी आपटलं. "काका, सही करा," कुरिअरवाला म्हणाला, तरी मी त्याला दोनदा विचारलं, आत काय आहे म्हणून. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक असणार! पण माझी तीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या नोकरीत गेली. पाचोडच्या बाजारात पारड्याखाली चिकटवलेलं मेण मी नुसतं बोट फिरवून शोधायचो. अशा माणसाला बंद खोक्यावर निवांत सही करता येत नाही.

संध्याकाळी कंपनीतून आल्यावर मुलानं ते आमच्यासमोरच उघडलं. झाकणाची मोठी पांढरी बादली, तिला खाली नळ, काकवीसारख्या दाट रसाचा डबा, यीस्टची पुडी, एक वाकडी नळी आणि पाण्यात तरंगणारी काचेची कांडी.

"बिअरचं किट आहे, पप्पा. घरी करायची. थंडीतली, काळी, जरा कडक."

त्यानं हे इतकं सहज सांगितलं की माझा संशय तिथंच पक्का झाला. लपवणारा माणूस चाचरतो, आणि मुरलेला माणूस सरळ सांगतो, हे मी नोकरीत शिकलो होतो.

आमच्या घरात दारू नाही. दर रविवारी आम्ही तिघं मिळून बुद्धवंदना घेतो आणि नशा न करण्याच्या पाचव्या शीलापाशी माझा आवाज आपोआप चढतो. माझा बाप दारूनं गेला. गंगापूरकडच्या आमच्या गावात त्याला गुत्त्यावरून उठवून आणायचं काम माझ्याकडं होतं. तेव्हापासून एकच भीती मनात घर करून बसली होती, ती म्हणजे हे रक्त पुढं कुठंतरी उतरणार. मी सुटलो. आता मुलगा सत्तावीस वर्षांचा होता आणि माझ्या घरात बादली घेऊन बसला होता.

"घरात दारू गाळणार तू?"

"गाळत नाहीत ओ पप्पा, आंबवतात. इडलीचं पीठ आंबतं तसं." एमआयडीसीतल्या एका बिअरच्या कारखान्यात त्याला तपासनिसाची जागा मिळण्यासारखी होती, आणि त्याआधी ही प्रक्रिया आपल्या हातानं करून बघायची होती, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते हा निव्वळ बहाणा होता. परवान्याचं काय, असं मी विचारलं, तर घरापुरतंच आहे म्हणाला. हे काही उत्तर नव्हे.

आठव्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा त्यानं काम काढलं. पाणी उकळलं, बादली धुतली, हातसुद्धा स्पिरिटनं पुसले. रस ओतला. आणि मग बिअर कडक व्हावी म्हणून त्यात चांगला दोन किलो गूळ घातला! पेपरात छाप्याच्या बातमीत 'गूळमिश्रित रसायन नष्ट केले' असं छापून येतं, ते रसायन माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच स्वयंपाकघरात ढवळलं जात होतं. वर बायको कौतुकानं गूळ फोडून देत होती.

बादली त्याच्या खोलीत कोपऱ्यात गेली. थंडी जास्त म्हणून तिला गोधडी गुंडाळली. "झाकण अजिबात उघडायचं नाही," त्यानं बजावलं, "बाहेरचं काही लागलं की नासते." म्हणजे आत बघायचं नाही! लबाड दुकानदारही काट्याला हात लावू देत नसत.

बायकोनं शेजारी काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी शेजारीण कुंपणापाशी मला गाठून म्हणाली, "भाऊजी, तुमचं किट आलं म्हणं? कोणत्या हापिसात फॉर्म भरला? आमच्याला तर नुसतं उद्या या, परवा या म्हणतेत. भांडी किती निघाली?" तिला वाटलं, बांधकाम कामगारांना मिळतं ते भांड्यांचं किट. मी म्हणालो, "एकच बादली निघाली." ती हळहळली. पण दिवसभर मला वाटत राहिलं की ही बाई सगळं ओळखून आहे आणि मुद्दाम आडून विचारतेय.

मुलावर तर माझी नजर होतीच. घरी आला की सरळ खोलीत. जेवण झालं की बडीशेप तोंडात. याआधी बडीशेप कधी खायचा? डोळे लाल. विचारलं तर म्हणे, मशीनवर दिवसभर बारीक बघावं लागतं. एकदा दाराच्या फटीतून पाहिलं, तर तो नळाखाली उंच नळकांडं धरून काळं पाणी काढत होता. उजेडाकडं धरून बघितलं, आणि मग पाठीमागं न बघताच दार लोटून घेतलं.

आता माप घेतल्याशिवाय माझ्याच्यानं राहवेना. बादली जाड पांढरी, बाहेरून काही दिसत नाही. आमच्याकडं पाणी आठवड्यानं येतं, त्यामुळं हौदात किती उरलंय हे बघायला प्रत्येक घरात एक काठी असते. आमची बांबूची आहे, तिच्यावर मीच खाचा पाडल्यात. मुलगा पहिल्या पाळीला गेला आणि बायको आंघोळीला गेली की मी ती काठी घेऊन त्याच्या खोलीत शिरायचो. काठी पंच्यानं पुसून घ्यायचो, म्हणजे स्वच्छच म्हणायची. झाकण उचकटायचं, काठी तळाला टेकवायची, ओल कुठवर आली तिथं पेन्सिलीची खूण करायची, झाकण दाबून बसवायचं, वर गोधडी.

तिसऱ्या दिवशी अर्धं बोट कमी. सहाव्या दिवशी एक बोट. दोन आठवड्यांत चांगली दोन बोटं उतरली! मी पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. चोरी पकडल्याचा जो आनंद नोकरीत व्हायचा तो इथं नव्हता. माझा मुलगा पितो, आणि गोड बोलून आमच्या तोंडाला पानं पुसतो, एवढंच डोक्यात फिरत होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "लई संशयी जीव हाये तुमचा. पोराला इचारा की सरळ." मी विचारलं नाही. पुरावा पुरता हाती येऊ दे, म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यानंतरच्या रविवारी त्यानं बाटल्या धुऊन ओळीनं मांडल्या आणि आम्हाला दोघांनाही बघायला बोलावलं. गोधडी काढली, झाकण उघडलं. आंबट, कुबट भपकारा आला. लोणचं बिघडल्यावर येतो तसा पांढरा बुरा वर पसरला होता. त्यानं चमच्याच्या टोकाला घेऊन जिभेला लावलं आणि मोरीत जाऊन थुंकला.

परत येऊन तो फरशीवरच बसला. "असं कसं झालं, पप्पा? सगळं उकळून घेतलं होतं. झाकण तर एकदाही उघडलं नाही. तपासायला लागली तेवढी नळातून काढायचो आणि मोरीत ओतायचो. माझ्या हातूनच कुठंतरी घाण राहिली. असला माणूस तिथं काय तपासणार?"

त्याचा चेहरा एवढासा झाला होता. दारू नासली, म्हणजे माझ्या मनासारखंच झालं होतं, पण मला त्याच्याकडं बघवेना. बायको माझ्याकडं बघत होती. कधीतरी आंघोळीहून लवकर बाहेर आली असणार. "सांगा की आता," ती म्हणाली.

मी सांगितलं.

"कशानं मोजत होता?"

"हौदाच्या काठीनं."

"किती वेळा?"

"रोज."

तो आधी हसला. मोठ्यानं हसला. मग हसू थांबलं. "कमी का होतंय, हे मला विचारायचं ना, पप्पा."

"विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंस?"

हे माझ्या तोंडून निघून गेलं. वाक्य पुरं व्हायच्या आतच कळलं, की नको होतं. बायकोनं तोंडाला पदर लावला.

मुलगा उठला. माझ्या खुर्चीसमोर येऊन दोन्ही गुडघ्यांवर बसला, चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आणला आणि म्हणाला, "घ्या. घ्या वास एकदाचा." आणि त्यानं तोंड उघडलं.

तेव्हा मी मान फिरवायला हवी होती. त्याला जवळ घ्यायला हवं होतं. पण मी वास घेतला. दोनदा घेतला. चहाचा वास येत होता.