लिफाफ्यावरचा जांभळा शिक्का

माझ्या मुलीचं अमेरिकेला जाणं लांबलं, त्याला कारण डिंकाची एक बाटली. बाटली माझी होती. (घरात मात्र "बाबांनी लांबवलं" असंच म्हणतात. हा माझ्यावर अन्याय आहे, म्हणून सविस्तर सांगतो.)

आर्वीच्या बाजारात सोयाबीन घेता-घेता माझी तीस वर्षं गेली. उसन्या वजनकाट्यावर सुरुवात केली, आज स्वतःचं गोदाम आहे. हे सगळं एका सवयीवर उभं राहिलं : बंद पोत्यावर विश्वास ठेवायचा नाही. पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसायची, दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा, मग भावाचं बोलायचं. साडूच्या पोत्यालाही मी परखी लावली आहे. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

मुलगी केतकी फिजिओथेरपिस्ट. शिकली नागपुरात, नोकरी वर्ध्याच्या एका दवाखान्यात. एक दिवस जेवताना तिने अमेरिकेचं काढलं.

"पहिले तिथली एक संस्था माही डिग्री तपासते, बाबा. त्यायच्या कोर्साच्या बरोबरीची निघाली, इंग्रजीची परीक्षा पास झाली, त मंग लायसन्सच्या परीक्षेले बसू देतात."

"साडेचार वर्षं शिकली ना तू? आता आणखी काऊन तपासतात?"

"तुम्ही सोयाबीन तपासत नाई का?"

मुद्दा मला पटला. पटला, तिथेच घात झाला.

गुणपत्रिका आणि कोणत्या वॉर्डात किती तास काम केलं त्याचा दाखला, एवढं कॉलेजने लिफाफ्यात घालायचं, तोंड चिकटवून त्यावर सही-शिक्का मारायचा आणि तो बंदच्या बंद तिकडे पोचायचा. तोही या महिन्यात, नाहीतर यंदाच्या परीक्षेचा अर्ज हुकणार. केतकीला रजा नव्हती, म्हणून नागपूरला मी गेलो. कारकुनाने चार वेळा परत पाठवलं. कधी साहेब सुट्टीवर, कधी शिक्का कपाटात आणि किल्ली साहेबांच्या घरी. पाचव्या वेळी मी असा आवाज लावला, की आतल्या खोलीतून प्राचार्य बाहेर आले. पंधरा मिनिटांत लिफाफा माझ्या हातात! (हे घरात कोणी सांगत नाही.)

"काका, इसको खोलना मत," कारकून म्हणाला. "सीधा कुरिअर."

कुरिअरचं दुकान वाटेतच होतं. पण माझ्या मनात किडा वळवळायला लागला. ज्याला चार खेपांत शिक्का सापडला नाही, त्याने आत सगळे कागद घातले कशावरून? न पाहिलेला माल अमेरिकेला पाठवायचा? मी लिफाफा घरी आणला आणि चहाच्या आधणावर वाफेला धरला.

सुनंदा, म्हणजे आमची बायको, दारात उभी. "काय करून राह्यले?"

"चहा."

"केतकीनं उघडू नका म्हटलं ना?"

"उघडत कोण आहे? नमुना पाहून राह्यलो."

कागद दोनदा मोजले. सगळे होते, नीट लावलेले. मला जरा वाईटच वाटलं.

मग डिंकाची बाटली काढली. लिफाफा चिकटला, पण गोल शिक्क्याचे दोन तुकडे काही केल्या जुळेनात. एका दाण्याएवढा फरक. म्हटलं, असं अर्धवट दिसलं तर तिकडच्यांना शंका येईल. टेबलावर माझा गोदामाचा शिक्का होता, मालाच्या पावतीवर मारतो तो. तो त्या जोडावर दाबून मारला. शिक्क्यावर शिक्का, म्हणजे भरवसा दुप्पट. समाधानाने कुरिअर करून आलो.

वीसेक दिवसांनी केतकी मोबाईल घेऊन समोर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्यात मी कोणाला हार जात नाही.

"बाबा, संस्थेचा मेल आहे. लिफाफा उघडलेला दिसते म्हणतात, त्यायले चालत नाई. आणि फोटो पाठवून विचारून राह्यले, हा जांभळा शिक्का कोणत्या अधिकाऱ्याचा?"

फोटोत माझ्या गोदामाचं नाव ठळक दिसत होतं. त्याखाली, 'माल तपासून घेतला'.

"मंग, यंदाची परीक्षा?" मी विचारलं.

"गेली."

सुनंदा तिथे भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यायच्या साडूचं पोतं तरी गावातच होतं. आता यायची परखी अमेरिकेपर्यंत गेली."

दुसऱ्या खेपेला केतकी स्वतः नागपूरला गेली. मी हट्टाने सोबत गेलो. कारकुनाने खिडकीतून आधी विचारलं, "पिताजी साथ में हैं क्या?" मग मला बाहेर चहाच्या टपरीवर बसवलं आणि लिफाफा कॉलेजनेच परस्पर पाठवला. डिग्री बरोबरीची निघाली. पुढच्या खेपेला केतकी परीक्षा पास झाली. आता ती तिकडे म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवते आणि दर रविवारी फोन करून तिथूनच माझेही वाकवून घेते.

तो शिक्का त्या दिवसापासून सुनंदाच्या कपाटात आहे. हंगामात माल घेतला, की मी पावती घेऊन तिच्यापुढे उभा राहतो.

"शिक्का दे."

"थांबा," ती म्हणते, "नमुना पाहू द्या."

आणि मी खिशातून चार दाणे काढून तिच्या तळहातावर ठेवतो.