मुंगीच्या पानावरची पट्टी

आमच्या घरी लहान मुलांचं पुस्तक विकत आणलं की आधी ते दुरुस्त करायची पद्धत होती. फाटलेली पानं चिकटवायची असं नव्हे. सुभाष रोडवरून कोरं करकरीत पुस्तक यायचं आणि त्याच संध्याकाळी हे मला गव्हाच्या पिठाची खळ शिजवायला सांगायचे.

कारण साधं होतं. धारवाडात चित्रांची पुस्तकं मिळायची ती कानडी, नाहीतर इंग्रजी. मराठी हवं असेल तर कोल्हापूरहून येणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवायचं, आणि तो हमखास विसरायचा. आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा यांनी एक जाड पुठ्ठ्याचं कानडी पुस्तक आणलं. प्राणी, पक्षी, किडे-मुंग्या. पानभर रंगीत चित्र आणि खाली मोठ्या टायपात एक-दोन ओळी. यांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या, पट्टीपट्टीवर काळ्या शाईनं मराठी ओळी लिहिल्या आणि खाली छापलेलं कानडी झाकून टाकलं.

ते काही भाषांतर नव्हतं. मनाला येईल ते लिहायचे. हत्तीखाली होतं, ‘हत्ती. सोंड हेच नाक आणि सोंड हाच हात. सर्दी झाली की याचे हाल.’ घुबडाखाली, ‘हे रात्री जागतं. आपण जागायचं नाही.’ आणि मुंगीखाली लिहिलं होतं, ‘मुंगी. स्वतःहून जड ओझं उचलते, दिवसभर राबते आणि कुरकुर करत नाही. एवढं सोडलं तर अगदी तुझ्या आईसारखी.’

मी भडकले. खळ मी शिजवायची, पट्ट्या मी दाबून धरायच्या, आणि टोमणा मलाच! शिवाय पोरगी ते पाठ करून येईल-जाईल त्याला म्हणून दाखवायची. हे म्हणायचे, “अगं, गंमत की ती.” 

ते ‘अगं’ काय होतं ते सांगायला हवं. यांनी लग्नापासून मला नावानं हाक मारली नाही. चष्मा सापडेना की ‘अगं’ तुटक यायचं. चहा हवा असला की लांबायचं. माझी आई गेली त्या दिवशी नुसतं एकदाच म्हणाले आणि शेजारी बसून राहिले. मी कधी कधी वैतागून म्हणायची, “मला काही नाव-बिव आहे की नाही?” तर म्हणायचे, “अगं, आहे की.”

हे अमरगोळच्या बाजार आवारात नोकरीला होते. सकाळी रायापूरहून निघायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत सगळं कानडी. बर्री, कूडरी, हूनरी; या हो, बसा हो, होय हो. शेतकऱ्यांशी, अडत्यांशी, हमालांशी. यांचं कानडी इतकं गोड होतं की घरी मराठी बोलतात हे लोकांना खरंच वाटायचं नाही. मोठ्या बाईला अव्वा, हमालाला अण्णा, माल घेऊन आलेल्या कुठल्याही बाईला अक्कार. कुणाला कधी एकेरी नाही. पण घरी आले, पाय धुतले, की कानडी बंद. “चपला आणि कानडी पायरीवर,” असं म्हणायचे. त्यात तिरस्कार नव्हता. त्यांच्या आईनं त्यांना असंच वाढवलं होतं, नाहीतर मराठी टिकायची कशी इथं? मुलगी शाळेत जाऊन फडाफडा कानडी बोलायला लागली, तरी उंबऱ्याच्या आत मराठीच. मी कोल्हापूरकडची. माझं कानडी भाजी आणि रिक्षा यांच्यापुरतं, आणि त्यावरही हे हसायचे.

गेल्या वर्षी सकाळी कॉफी पिताना यांच्या हातातून कप पडला. मी आधी ओरडले, नवी चादर होती म्हणून. मग तोंड वाकडं झालेलं दिसलं. दवाखान्यात धावाधाव झाली, जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय थोडा थोडा उचलायला लागले. आणि बोलणं गेलं. सगळं समजत होतं, माणसं ओळखत होते, मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिला पाहून रडले. पण तोंडातून ‘अ… अ…’ एवढंच.

घरी येऊन बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी ठरवली. इथलीच, कानडी घरातली, हसरी पोर. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “अम्मा, घरात कुठली भाषा?” मी आणि मुलगी एकदमच म्हणालो, मराठी. थोडं अभिमानानंच म्हणालो असू. यांनी आयुष्यभर जपलेली गोष्ट होती ती. मग तिनं सांगितलं की अभ्यास मराठीतूनच घ्या, चित्रं दाखवा, लहान मुलांची पुस्तकं असतील तर उत्तम. एका पानावर एकच चित्र हवं.

असं पुस्तक घरात होतंच. कपाटातून काढलं, पुसलं. मुलीनं लहानपणी चावलेल्या कडा तशाच होत्या.

रोज आंघोळ झाली की मी यांना खिडकीशी बसवायची आणि पान उघडायची. “हे काय?” हे चित्राकडे बघायचे. कपाळावर आठी पडायची, ओठ गोल व्हायचे, मान पुढं यायची. काही नाही. खाली त्यांचंच अक्षर, त्यांनीच लिहिलेलं ‘हत्ती’, आणि ते त्यांना लागत नव्हतं. “ह… ह… म्हणा बघू,” मी म्हणायची. शेवटी ते डाव्या हाताने पुस्तकावर चापट मारायचे आणि तोंड भिंतीकडे करायचे.

खरं सांगायचं तर मला हत्तीशी काही देणंघेणं नव्हतं. हत्तीला हत्ती म्हटलं नाही म्हणून त्याचं काय अडणार आहे? मला एकदा ‘अगं’ ऐकायचं होतं. तुटक, लांब, रागाचं, कसलंही. सगळी पानं मी त्या एका शब्दासाठी उलटत होते. आज वाघ आला तर उद्या तेही येईल, असा माझा हिशेब.

पावसाळ्यात पुस्तकाला कसर लागली. पिठाची खळ, लागणारच. कासवाच्या पानावरची पट्टी अर्धी खाल्ली गेली आणि गळून पडली. मी झाडू आणायला आत गेले. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. स्पष्ट, जरा घोगरा.

“आमी.”

मी धावत आले. यांचं डावं बोट कासवाखालच्या कानडी अक्षरांवर होतं. माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाले, “आमी.” कासव. इतक्या महिन्यांतला पहिला शब्द. मी झाडू हातात घेऊनच रडले, हसले, मुलीला फोन लावला. हेही रडत होते.

शिकवणारी आली तेव्हा मी तिला सांगितलं. तिनं यांच्याशी कानडीत दोन वाक्यं बोलून पाहिली आणि यांनी “हूनरी” म्हटलं. ती माझ्याकडे वळली. मग मला विचारलं, “अम्मा, दिवसभर हे कुठल्या भाषेत बोलत होते?” मी अमरगोळचं सांगितलं. ती म्हणाली, असं होतं कधी कधी. दोन भाषांतली एक परत येते, दुसरी मागं राहते. का, ते नेमकं सांगता येत नाही. “जी येतेय ती धरा. दुसरी मागनं येईल किंवा नाही येणार.” आम्ही घरची भाषा विचारल्यावर घरची सांगितली होती. बाहेरची कुणी विचारली नव्हती, आम्हालाही सुचली नव्हती.

आता पट्ट्या काढायच्या होत्या. बोलायला सोपं. पण यांचा उजवा हात आता लिहिणार नव्हता. हे अक्षर, ही काळी शाई, ही गंमत, जे काही होतं ते त्या पट्ट्यांवर होतं. नवीन पुस्तक आणू का, असंही मनात आलं. आणलंही. यांनी ते बाजूला सारलं आणि जुनंच ओढून घेतलं. हत्तीच्या पट्टीचा कोपरा नखानं उचलायला लागले. मग मी ओलं फडकं आणलं.

फडकं ठेवायचं, खळ मऊ व्हायची वाट बघायची, आणि हळूच सोलायचं. काही पट्ट्या आख्ख्या निघाल्या. त्या मी परातीच्या पाठीवर वाळत घातल्या. काहींची शाई फुटली. मुंगीची मी शेवटपर्यंत ठेवली होती, आणि नेमकी तीच तीन तुकड्यांत आली. ‘तुझ्या आईसा’ एवढंच एका तुकड्यावर राहिलं. खालचं कानडी मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मुंगी ओळीनं चालते, असं काहीतरी होतं. बाकी काही नव्हतं. त्यात मी नव्हते.

त्यानंतर शब्द भराभर आले. आनी, हुली, मंग्या, गुब्बी; हत्ती, वाघ, माकड, चिमणी. हरणाखाली ‘जिंके’ छापलं होतं तर यांनी ते नाकारून ‘चिगरी’ म्हटलं, इकडं बोलतात तसं. मग छोटी वाक्यं. भाजीवाल्याला खिडकीतून भाव विचारला. शेजारीपाजारी गप्पांना येऊन बसायला लागले. मुलगी फोनवर त्यांच्याशी शाळेतलं कानडी बोलायची, आणि नंतर मला म्हणायची, “आई, अप्पा बोलायला लागले गं!” मी म्हणायची, हो ना. माझाही आनंद खोटा नव्हता.

एका दुपारी मी शेंगा निवडत बसले होते. हे खुर्चीत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, “अक्कार, स्वल्प नीर कोडरी.”

ताई, थोडं पाणी द्या.

मी उठले. पाणी दिलं. त्यांनी पेला घेताना मान लववली, अमरगोळला कुणा बाईनं तांब्या पुढं केला तर लववली असती तशी. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. लग्न करून आणलेल्या बायकोला माणूस पाणी दे म्हणतो, द्या म्हणत नाही.

मला ओळखत नाहीत असं नाही. मी दिसले नाही की दाराकडे डोळे लावून बसतात. मी जेवले नाही तर घास घेत नाहीत. मी विचारलं, मी कोण, तर हसून माझ्या मंगळसूत्राला हात लावतात. लोक म्हणतात, ओळखतात ना, मग झालं की. त्यांना काय सांगू? यांच्या कानडीत सगळ्या जगासाठी शब्द आहे. हमालासाठी आहे, म्हाताऱ्या अव्वासाठी आहे, भाजीवाल्यासाठी आहे. बायकोसाठी नाही, कारण बायकोशी ते कानडीत कधी बोललेच नव्हते. मी उंबऱ्याच्या आतली. तो उंबरा त्यांनीच राखला, आणि आता त्यांनाच आत येता येत नाही.

एकदा मी हट्टानं म्हटलं, “अगं म्हणा. एकदाच.” त्यांनी प्रयत्न केला. गळ्याची शीर ताठ झाली, ओठ हलले. मग मान हलवून म्हणाले, “बरोदिल्लरी.” येत नाही हो. तेही आदरानं. त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

आता मी कानडी शिकतेय. शिकवणारी मला पण शिकवते, वर म्हणते, अम्मा, तुम्हीच जास्त चुकता. मी चुकले की हे हसतात. हसणं जुनंच आहे, टिंगलीचं. तेवढ्यासाठी मी कधी कधी मुद्दाम चुकते. घरात सकाळपासून कानडी चालतं. पायरीवर आता फक्त चपला असतात.

परवा सकाळी नेहमीसारखं पुस्तक घेऊन बसलो. मुंगीचं पान आलं. हे “इरुवे” म्हणाले आणि पान उलटेनात. खाली पट्टीच्या जागी खळीचा पिवळट डाग राहिलाय. त्यांनी त्या डागावर बोट ठेवलं. मग तेच बोट उचलून माझ्याकडे रोखलं. डोळ्यांत तीच जुनी खोडी. पट्टीवर काय होतं ते त्यांना आठवत होतं! सगळं आठवत होतं. ओठ उघडले.

“अक्कार…”

म्हणाले आणि थांबले. चुकलं हे त्यांना कळलं. खोडी विझली, आणि डावा हात माझ्या बांगड्यांवर येऊन पडला.

मी तो हात धरला. म्हटलं, “हूनरी.”