सकाळी दहाची रात्र

पर्लबाई बसमध्ये चढल्या की सबंध बसला नमस्कार करायच्या. ड्रायव्हरला नव्हे, सबंध बसला. जपानमधल्या सेंदाई शहरात सकाळच्या बसमध्ये सगळे माना खाली घालून फोनमध्ये बघत असतात. कुणाला खोकला आलाच तर तो मास्कच्या आत, माफी मागितल्यासारखा येतो. त्या शांततेत दारातून एक भारदस्त आवाज यायचा, "ओहायो गोझाइमास." म्हणजे सुप्रभात. कुणी उत्तर द्यायचं नाही. पर्लबाई जरा थांबायच्या, लोकांना पुरेशी संधी दिल्याची खात्री करून घ्यायच्या आणि मग जागा शोधायच्या.

"कुणी उत्तर देत नाही, मग म्हणता कशाला?" मी एकदा विचारलं.

"जमैकात माणसांनी भरलेल्या जागेत शिरून गुड मॉर्निंग म्हटलं नाही, तर लोक विचारतात, हिला वाढवलं कुणी? मला माझ्या आईचं नाव खराब करायचं नाही. त्यांच्या आयांचं त्यांनी बघावं."

त्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायच्या. वय पन्नाशीच्या पुढे. जमैकाच्या दक्षिणेला सेंट एलिझाबेथ म्हणून तांबड्या मातीचा भाग आहे, तिथल्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, 'मिस पर्ल' म्हणतात. मी मनातल्या मनात त्याचं पर्लबाई केलं. मी पुण्याची, विद्यापीठात धातूंवर संशोधन करते. आमचे फ्लॅट शेजारी, दोन्ही गॅलऱ्यांच्या मध्ये एक पातळ पत्रा.

ओळख झाली ती त्या पत्र्यावरून. उन्हाळ्यात त्यांच्या बाजूने थर्माकोलच्या खोक्यात एक पालेभाजी इतकी माजली, की तिची पानं माझ्या बाजूला डोकवायला लागली. मी वाकून पाहिलं तर चक्क माठ. जपानमध्ये मी कित्येक महिने माठ शोधत होते. मी आनंदाने म्हटलं, "हा तर आमचा माठ!"

पर्लबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भाजीकडे. "हा कालालू आहे."

"आमच्याकडे याला माठ म्हणतात. लसणाची फोडणी देऊन करतात."

"आमच्याकडेही लसूण घालतात. घेऊन जा हवा तेवढा. पण खाताना कालालू म्हणून खा."

मी तसाच खाल्ला. चव माठाचीच होती, पण ते मी बोलले नाही.

जमैकाच्या म्हटल्यावर लोकांची त्यांच्याबद्दल एक ठाम समजूत असायची. शाळेच्या क्रीडादिनी शिक्षकांच्या रिले शर्यतीत मुख्याध्यापकांनी त्यांना शेवटच्या टप्प्यावर ठेवलं. हातात बॅटन आला तेव्हा त्यांचा संघ सगळ्यांच्या पुढे होता. पर्लबाई शांतपणे धावल्या आणि शेवटच्या आल्या. मुख्याध्यापकांना दोन दिवस काही सुचलं नाही. "मी आधीच सांगितलं होतं," पर्लबाई मला म्हणाल्या. "धावणारे धावतात, कारण बाकीचे आम्ही कुंपणावर बसून ओरडतो. मी ओरडण्यात चांगली आहे. ते काम त्यांनी मला दिलं नाही."

त्यांच्या बोलण्यात गावाकडच्या म्हणी फार. माझा शोधनिबंध स्वीकारला गेला म्हणून मी पेढे केले, तर पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "कोंबडी खुशीत आली की समजावं, घार जवळच आहे." पुढच्याच आठवड्यात प्रयोगशाळेतली भट्टी बिघडली. थंडीत मी कुरकुरले की म्हणायच्या, "चांगलं हवं असेल तर नाक वाहू द्यावं लागतं." सेंदाईच्या हिवाळ्यात ही म्हण शब्दशः लागू पडायची, त्यामुळे वाद घालायला जागा नसायची.

पर्लबाईंच्या खालच्या फ्लॅटमध्ये किकुची-सान, म्हणजे किकुचीराव, राहायचे. सत्तरी ओलांडलेले, एकटे, रहिवासी मंडळाचे प्रमुख. कचऱ्याचं वर्गीकरण चुकलं की ते पिशवी परत आणून दाराशी ठेवत. पर्लबाईंची पिशवी वारंवार परत यायची. एकदा ते अर्धा तास उभं राहून बाटली, बाटलीचं झाकण आणि बाटलीवरचा कागद हे तीन वेगवेगळ्या वारी का टाकायचे ते सांगत होते. पर्लबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "किकुची-सान, तुम्हाला आमच्याकडे लोकांनी पाद्री केलं असतं." ही तक्रार होती की कौतुक, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी वाकून आभार मानले.

त्या फेब्रुवारीत पर्लबाई बर्फावरून घसरल्या. घोटा मोडला, शस्त्रक्रिया झाली, प्लॅस्टर घालून त्या घरी आल्या. नंतर आठवड्याच्या आत गावाहून फोन आला, की आई, मिस आयव्ही, झोपेतच गेली. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. इतका लांबचा प्रवास, पायात रक्ताची गाठ झाली तर जिवावर बेतेल.

मी गेले तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर. रडत नव्हत्या. "आमच्याकडे माणूस गेलं की नऊ रात्री करतात," म्हणाल्या. "नवव्या रात्री सगळा गाव अंगणात येतो. खातात, पितात, गातात, डॉमिनो खेळतात, गेलेल्याच्या गोष्टी सांगतात. जितका आवाज जास्त तितकं चांगलं. त्याशिवाय तो जात नाही, घरात घोटाळत राहतो. भाऊ आहे तिकडे, पण मुलगी मी एकटीच, आणि मी इथे. या गप्प देशात."

 माझे बाबा गेले तेव्हा मीही इथेच होते. चुलतभावाने अंत्यसंस्कार फोनवरून दाखवले, पण फोन त्याने छातीशी धरलेला. मला बराच वेळ त्याच्या शर्टाचं बटण दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले. सगळ्यांनी वाकून सांत्वन केलं आणि मी भट्टी सुरू केली.

आमचं हे बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पर्लबाईंनी किकुची-सानना वर बोलावलं. मध्ये दुभाषी म्हणून मी.

"रविवारी सकाळी दहा वाजता मी आईची रात्र करणार आहे. आवाज होईल."

"सकाळी दहा वाजता रात्र?"

"तिकडे रात्रच असते तेव्हा."

किकुची-साननी बराच विचार केला. "रात्री नऊनंतर आवाज करू नये, असा नियम आहे," ते म्हणाले. "सकाळी दहाबद्दल काही लिहिलेलं नाही."

रविवारी टेबलावर लॅपटॉप ठेवला. त्यात सेंट एलिझाबेथचं अंगण, दिव्यांच्या माळा, गर्दी आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. इकडे पर्लबाईंच्या शाळेतल्या दोन शिक्षिका, तळलेले बांगडे, पाव, माझे कांदेपोहे आणि रमची बाटली. दहा वाजता बेल वाजली. दारात किकुची-सान, काळा सूट, हातात जपमाळ आणि उदबत्तीचं पाकीट. त्यांनी लॅपटॉपसमोर गुडघे टेकले आणि वाकून नमस्कार केला.  पलीकडच्या अंगणात पर्लबाईंच्या भावाने टोपी काढली.

गोष्टी सुरू झाल्या. तिथे एकच दंडक: गेलेल्याला चांगलं म्हणायचं नाही, ते काम पाद्रीचं. लोकांना हसू येईल असं सांगायचं. भावाने सांगितलं, की पाद्रीच्या बोकडाने मिस आयव्हीच्या तुरीच्या शेंगा फस्त केल्या, तेव्हा तिने रविवारी तो बोकड चर्चमध्ये नेऊन पहिल्या बाकाशेजारी बांधला. पाद्रीने कारण विचारलं तर म्हणाली, "याला पापाची कबुली द्यायची आहे."

मग पर्लबाईंची पाळी आली.  तिकडचं संगीत कुणीतरी बंद केलं. त्या म्हणाल्या, "पडायच्या आदल्या दिवशी आई फोनवर म्हणाली, बर्फावर जपून चाल. मी म्हटलं, आई, तू जन्मात बर्फ पाहिला नाहीस, मला शिकवू नकोस." त्यांनी प्लॅस्टरकडे बोट दाखवलं. अंगण हसून हसून कोलमडलं. पर्लबाईही हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, खूप वेळ. कुणी त्यांना गप्प बसवलं नाही.

डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या वडिलांचं केलंस?"

"फोनवर पाहिलं."

"म्हणजे नाही केलंस. आज करून टाक. अंगण भरलेलं आहे."

मी सांगितलं. पुण्यात हेल्मेटची सक्ती झाली तेव्हा बाबांनी महागाचं हेल्मेट घेतलं. वर्षभरात स्कूटर विकली, पण हेल्मेट वाया जाऊ नये म्हणून दूध आणायला ते घालून पायी जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "डोकं स्कूटरवरच फुटतं असं कुठाय?" आधी इंग्रजीत सांगितलं, मग जपानीत. जमैका हसली. किकुची-सान हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "रंग कोणता?"

"पांढरा."

"रस्त्यावर पांढरा उठून दिसतो. विचारी माणूस." आणि त्यांनी बाबांसाठी आणखी एक उदबत्ती लावली. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

नंतर डॉमिनो, ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ. किकुची-सान सोंगटी अलगद ठेवायचे. पर्लबाई म्हणाल्या, "ठेवायची नाही, आपटायची. मेलेल्याला ऐकू गेली पाहिजे." किकुची-साननी सोंगटीकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि ती अशी आपटली की पोह्यांची बशी उडाली.

"खालच्या मजल्यावर त्रास होईल," ते काळजीने म्हणाले.

"खाली कोण राहतं?"

त्यांनी आठवून पाहिलं. "मी."

आणि पुढची सोंगटी त्याहून जोरात आपटली.

घोटा बरा झाला, वर्ष सरलं, पर्लबाईंचा करार संपला आणि त्या आईच्या घरी राहायला गेल्या. किकुची-सान आणि मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. किकुची-सान वाकले, पर्लबाईंनी मिठी मारली, आणि दोघांनाही एकमेकांच्या पद्धतीत नेमकं किती वेळ राहायचं ते कळलं नाही. गाडी मात्र वेळेवर सुटली.

त्या पितृपक्षात मी पुण्याला होते. बाबांच्या श्राद्धाची जेवणं उरकली होती. आई, काका, आत्या असे सगळे बसून बाबा किती सज्जन होते ते एकमेकांना सांगत होते. ऐकता ऐकता मी म्हटलं, "आज चांगलं नको बोलायला. हसू येईल असं काहीतरी सांगा."

 काकांनी नुसता घसा खाकरला. मग आई, पदराला हात पुसत म्हणाली, "लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो होतो. मला यांनी घोड्यावर बसवलं आणि स्वतः घोडेवाल्याशी गप्पा मारत पुढे गेले. अर्ध्या तासाने परत येऊन त्यालाच विचारतात, आमची बायको बघितलीत का?"

आत्या फस्सकन हसली. मग काका, मग आई स्वतः, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरल्यावर तिने मला विचारलं, "ही कुठली गं पद्धत?"

"सेंदाईला माझ्या शेजारी एक बाई होत्या, त्यांच्याकडची."

"सासरची की माहेरची?"

"माहेरची," मी म्हटलं.