पाकिटावरची सही

आज सकाळी सात वाजता लिफ्टशेजारचा डबा पुन्हा बोंबलला. कलकत्त्याच्या बालीगंजमधली आमची चार मजली जुनी बिल्डिंग... एवढा आवाज झाला की आख्खा जिना जागा होतो.

डबा कसला ते आधी सांगते. कुणाचं हृदय अचानक बंद पडलं तर छातीवर पट्ट्या चिकटवून विजेचा झटका द्यायचं एक मशीन असतं, एईडी म्हणतात त्याला. ते या डब्यात असतं आणि डब्याचं दार उघडलं की अलार्म वाजतो.

गेल्या पंधरा दिवसांत तो चार-पाचदा तरी वाजलाय. मी खाली पोचेपर्यंत दार बंद आणि तिथे कुणीच नाही... शाळेला निघालेली मुलं असणार, असं सगळे म्हणत होते.

मशीन आणलं ते घोषदांनी. चौथ्या मजल्यावर राहायचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. दारोदार फिरून त्यांनी एकेकाला पटवलं आणि सगळ्यांसाठी ट्रेनिंगही ठेवलं.

मी कमिटीची सेक्रेटरी. तेहतीस वर्षं बँकेत काढली, बदल्या होत होत शेवटी कलकत्त्यातच राहिले. ट्रेनिंगच्या दिवशी पाहुण्यांची ओळख मी करून दिली आणि आभारही मीच मानले... पण सतरंजीवरच्या पुतळ्याची छाती दाबायला काही मी खाली बसले नाही. गुडघ्यांचं निमित्त होतंच. आमचा वॉचमन रतन मात्र घामाघूम होईपर्यंत दाबत होता.

शिकवायला आलेली मुलगी जाताना दोनदा म्हणाली, मशीन सगळ्यांच्या हाताशी राहू द्या. मी मान डोलावली... आणि संध्याकाळी ते कमिटीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. नवीकोरी वस्तू, उगाच कुणी हात लावायला नको!

एक चावी माझ्या पर्समध्ये. दुसरी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, जोडावर सही करून घरच्या कपाटात. बँकेत चाव्या अशाच ठेवायचो आम्ही, आणि माझं घर म्हणजे बँकेची एक शाखाच आहे.

घोषदा हसून म्हणाले होते, "सुधादी, ये मशीन है, गहना नहीं." मीही हसून उत्तर दिलं, "लगेगा तो मुझसे माँग लीजिए." हे वाक्य आता मला झोपू देत नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी गरियाहाटच्या बाजारात पडवळ निवडत होते. नवऱ्याचा फोन आला. घोषदा खाली हॉलमध्ये पेपर वाचता वाचता कोसळले होते. अँब्युलन्सला फोन गेला होता, रतनने छाती दाबायला घेतली होती आणि दोघे जण कपाट उघडायचा प्रयत्न करत होते. उघडत नव्हतं. चांगलं मजबूत कपाट, मीच पसंत केलेलं...

"दुसरी चावी घे, माझ्या साड्यांखाली पाकिटात आहे," मी भर बाजारात ओरडले. तो शोधत होता आणि मी फोन कानाला लावून रिक्षाच्या दिशेने धावत होते. एकदाचं पाकीट सापडलं. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "अगं, यावर तुझी सही आहे... फाडू का?"

त्याला मी अजिबात दोष देत नाही. माझं सीलबंद पाकीट मला विचारल्याशिवाय उघडायचं नाही, हे इतकी वर्षं मीच त्याला शिकवलंय.

मी पोचले तेव्हा पट्ट्या लावून झाल्या होत्या. फाडलेलं प्लास्टिक फरशीवर पडलं होतं. मशीन शांत आवाजात इंग्रजीत सांगत होतं, झटक्याची गरज नाही, छाती दाबत राहा. गरज नाही म्हणजे बरे आहेत, असं मला क्षणभर वाटलं... पण हृदय पार निपचित झालं की झटक्याचा उपयोग नसतो, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं रतनला आठवत होतं. तो रडत होता आणि दाबत होता.

घोषदा गेले. मशीन आधी लावलं असतं तर वाचले असते का, असं मी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना विचारलं. "वाचलेही असते, सांगता येत नाही," एवढंच ते म्हणाले.

बिल्डिंगमध्ये कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. तेच जास्त लागलं. श्राद्ध झाल्यावर मी स्वतः बौदींकडे, म्हणजे घोषदांच्या बायकोकडे गेले आणि कुलूप, चावी, पाकीट, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा घेणार का विचारलं. दुसऱ्या दिवशी मी मशीन लिफ्टशेजारी डब्यात लावून घेतलं, कुलपाशिवाय.

आज सकाळी डबा वाजला तेव्हा योगायोगाने मी दूध घेऊन जिना चढत होते. तशीच मागे फिरले... डब्यासमोर बौदी उभ्या होत्या. दार उघडं धरून नुसत्या आत बघत होत्या.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "देखती हूँ सुधादी... खुलता है कि नहीं."

मग त्यांनी हळूच दार लावलं.

तुमच्या बिल्डिंगमध्ये किंवा ऑफिसात असं मशीन असेल तर आजच खाली जाऊन उघडून बघा. कुलूप असेल तर काढायला लावा. आणि चावी कुणाच्या सहीच्या पाकिटात असेल... तर विचारत बसू नका हो, फाडा.