शेवटच्या कडव्यातलं नाव

गाणं मी भाकरी थापता थापता जुळवते, अन् आपल्या बोलीतच जुळवते. कुणी म्हणतं, बाई, जरा शुद्ध लिहा, म्हणजे रेडिओवर लागंल. मी म्हणते, कळंबच्या बाया बोलतात तशीच माझी गाणी बोलणार. रेडिओला ऐकायचं तर ऐकू दे, न्हाईतर बसू दे गप!

आमच्याकडं शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे. मी पहिल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, नवऱ्याचं घातलं. बाईचं नाव गायक स्टेजवरून कसं घेणार, असं तेव्हा सगळे म्हणायचे, अन् मीही मान डोलावली. चूक माझीच.

मागच्या महिन्यात भूमला भावाच्या पोरीचं लग्न होतं. गाण्याची पार्टी बोलावलेली. गायकानं माझंच चौदा एप्रिलच्या जयंतीचं गाणं धरलं. मी खुश! शेवटचं कडवं आलं अन् पठ्ठ्यानं त्यात स्वतःचं नाव ठोकून दिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच स्टेजवर चढले.

"दादा, हे गाणं माझं हाय."

तो हसला. "ताई, हे तर समदेच गातेत. तुमचं कशावरून?"

"मधलं एक कडवं गाळलंत तुम्ही. म्हणून दाखवा बरं."

त्याला कुठलं येतंय! मी माईक घेतला अन् म्हणून दाखवलं. पेटीवाल्यानं लगेच सूर धरला, बायांनी टाळ्यांचा ठेका दिला. गायक माणूस भला. त्यानं सरळ कान धरले. "चुकलं, ताई. आता शेवटही तुम्हीच करा, नाव घालून."

नवऱ्याचं नाव ओठावर आलं. तो पुढंच बसला होता, माझ्या भावाशेजारी, टोपी सरळ करून. पण मनात आलं, माझ्या गाण्यासाठी भांडायला चढले, अन् सोडवून ते परत दुसऱ्याच्याच नावावर करायचं?

मी माझं नाव घातलं. एक अक्षर कमी पडत होतं, तिथं सूर लांबवला.

भाऊ नवऱ्याकडं वळून म्हणाला, "दाजी, तुमचं नाव काढून टाकलं की हिनं!"

नवरा उठून उभा राहिला.

"गाणं तिचंच हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बारा वर्षं मी नुसता मिरवलो."